सांख्यिकी पूर्ण करावी, कोरकू सोडू नये

सप्रेम नमस्कार.

धारणी तालुक्यातून आपण लिहिलेले पत्र मिळाले. आपली मुलगी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात सांख्यिकी शिकते, घरी कोरकू आणि बाहेर मराठी बोलते. भाषा एका अंगाने सोपी असली की दुसऱ्या अंगाने अवघड असते का, हे आकडेवारीने तपासण्याचा ध्यास तिने घेतला आहे. यात पोट भरेल का, असे आपण विचारता.

तिचा प्रश्न मोलाचा आहे. मराठीत ‘बैलाने गड्याला पाडले’ म्हणा की ‘गड्याला बैलाने पाडले’ म्हणा, पडतो तो गडीच, कारण कोणी कोणाला पाडले हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नसल्यामुळे दोन शब्दांची अदलाबदल केली की बैलच पडतो. प्रत्यय कमी, तर शब्दक्रम कडक. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १७ भाषांच्या अभ्यासातही, दर अक्षरामागे कमी माहिती देणाऱ्या भाषा भरभर बोलल्या जातात आणि माहितीचा वेग सेकंदाला सरासरी ३९ बिटच्या (बिट म्हणजे माहिती मोजण्याचे एकक) आसपास राहतो, असे आढळले. मात्र सर्व भाषांची एकूण गुंतागुंत सारखीच असते, हे अजून सिद्ध झालेले नाही.

खरी मेख मोजणीत आहे. मराठी, हिंदी, गुजराती या सख्ख्या बहिणी. त्यांच्यातील साम्य तीन स्वतंत्र पुरावे म्हणून धरणे म्हणजे एकाच पऱ्हाटीची तीन बोंडे पाहून तीन वावरांचा उतारा सांगणे होय. भाषेच्या कुळाचा आणि शेजारच्या भाषांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी रिग्रेशन, म्हणजे कोणत्या कारणाचा किती परिणाम हे आकड्यांतून काढण्याची सांख्यिकी पद्धत, पक्के हवे. म्हणून पदवी सांख्यिकीतच पूर्ण करू द्यावी, सोबत ‘आर’ ही संगणकीय भाषा शिकावी आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रात एम.ए. करावे. संशोधन जमले नाही तरी सांख्यिकीच्या पदवीवर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते, त्यामुळे पोटाची चिंता नसावी.

आपल्या विदर्भात कोरकू मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी, मराठी आर्य कुळातली, तर बुलढाणा जिल्ह्यातील निहाली कोणत्याच कुळात बसत नाही. एवढे वैविध्य घराच्या अंगणात असणारे विद्यार्थी फार थोडे असतात, आणि मला तिचा हेवा वाटतो.

या सुट्टीत तिने आजीकडून कोरकूतील शंभर वाक्ये उतरवून घ्यावीत, प्रत्येकात प्रत्यय किती आणि कर्ता कुठे आला याची वहीत नोंद करावी, आणि ती वही मला अवश्य पाठवावी.