कालवा दुरुस्तीला बंद होतोय? तारीख हेडची नको, टेलची मागा

दादा, पोस्ट वाचली आणि आमचेच दिवस आठवले. नीरा डाव्या कालव्यावर तुमच्या वरच्या अंगाला भरावाचं (कालव्याच्या मातीच्या बांधाचं) आणि जुन्या मोरीचं काम निघणार, तेवढे दिवस कालवा बंद राहणार, ऊस उभा आहे, आणि अस्तरीकरणावरून, म्हणजे कालव्याला आतून काँक्रीट करण्यावरून, गावात दोन तट पडलेत, असं तुम्ही लिहिलंय.

मी नीरेवरचा नाही. आमचा कालवा वेगळा, पण तोही इंग्रजांच्या काळातला, आणि आमची चारी, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट, अगदी शेपटाला. कालव्याच्या तोंडाला हेड म्हणतात, शेपटाला टेल. कालव्याचं आणि कचेरीचं नाव घेत नाही, कारण अजून त्याच दारात जायचंय. पाणी मागणीचा सात नंबर अर्ज, थकबाकी, पंचनामा हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. आणि मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही.

दुरुस्तीच्या आडवं जाऊ नका. तुमचा कालवा 1885 साली सुरू झाला. भराव कमजोर झाला की कालवा पूर्ण विसर्गानं चालवता येत नाही. विसर्ग कमी म्हणजे आवर्तन (पाणी सोडायची एक फेरी) लांबणार, आणि लांबलेल्या आवर्तनात मरण टेलवाल्याचं. मुठा उजवा कालवा 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्तीत पाणी घुसलं, ते आठवत असेल. ठपका आला घुशी, उंदीर आणि खेकड्यांवर! बिळं असतात, खोटं नाही. पण बिळं काही एका रात्रीत पडत नाहीत.

आता जे आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते. आमच्याकडं काम एका विभागाचं आणि पाणीवाटप दुसऱ्याचं. काम रेंगाळलं, हा म्हणे त्याला विचारा, तो म्हणे ह्याला. चला, ते सगळीकडंच असतं. खरा घोळ पाणी सुटल्यावर झाला. वरच्या गावांत भरणी सुरू झाली, फोटो आले, हार-नारळ झाले. आमच्या चारीच्या दारावर चार बोटं पाणी आलं, तेही पालापाचोळा आणि प्लास्टिक ढकलत. वरच्या दोन वावरांतल्या सऱ्यासुद्धा भरल्या नाहीत, तोवर कालवा परत उतरला. विचारायला गेलो तर लेखी उत्तर हातात, की नियोजित दिवस पूर्ण झाल्यानं आपल्या वितरिकेचं (मुख्य कालव्याच्या फाट्याचं) आवर्तन पूर्ण झालेलं आहे.

पूर्ण कसं? तर दिवस मोजले होते हेडचं दार उघडलं त्या तारखेपासून. बरेच दिवस कोरडा पडलेला कालवा आधी स्वतः पाणी पितो. तळाला भेगा पडलेल्या असतात, खड्डे असतात, ते भरल्याशिवाय पाणी पुढं सरकत नाही. त्यात नव्या भरावावर एकदम दाब नको म्हणून विसर्ग हळूहळू वाढवतात, आणि तसंच करायला पाहिजे. पण हे सगळे दिवस कोणाच्या खात्यावर? टेलच्या. साहेबांनी रजिस्टर काढून दाखवलं. हेडच्या गेजचे, म्हणजे पाण्याची उंची मोजायच्या पट्टीचे, आकडे सकाळ-संध्याकाळचे, सुवाच्य अक्षरात. आमच्या गेजचा रकाना कोरा. पाणी आलं नाही हे कोऱ्या रकान्यावरून कसं सिद्ध करणार? आमचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) त्या खेपेला वाळला तो वाळलाच. वर पाणीपट्टीची मागणी मात्र वेळेवर आली, त्यात काही रेंगाळलं नाही.

म्हणून सांगतो, "काम कधी संपणार" हा प्रश्न कमी महत्त्वाचा. लेखी विचारा, की आमच्या चारीच्या दारावर पाणी कोणत्या तारखेला अपेक्षित आहे, आमची पाळी हेडपासून मोजणार की आमच्या गेजपासून, आणि काम लांबलं तर बुडालेले दिवस कुठं भरून देणार. पाणी वापर संस्था असेल तर तिच्या लेटरहेडवर द्या, एकेकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. पाळी टेलकडून हेडकडं द्यायची हे धोरण कागदावर आहेच, त्याचा उल्लेख करा. आणि गेजची पट्टी आधी बघून घ्या. आमच्याकडं मोरीच्या दगडावरचा रंग उडून आकडेच दिसत नव्हते. पाटकऱ्याला (कालव्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाला) हाताशी धरून ती रंगवून घ्या आणि रोज एक फोटो काढा. पाटकऱ्याशी भांडू नका, त्याच्या हातात फारसं काही नसतं.

हरिद्वारला गंगेचा कालवा 1854 सालचा, तुमच्याहून जुना. तो दरवर्षी दसऱ्याला सफाई-दुरुस्तीला बंद होतो आणि दिवाळीला सुरू होतो. पार हर की पौडीचं पाणी उतरतं, पण लोकांना वर्षभर आधी ठाऊक असतं. आपल्याकडं पाऊस आणि पिकांचं गणित वेगळं, दसरा-दिवाळी जमणार नाही, मान्य. पण बंदचा काळ आधी ठरवून पाळायला काय हरकत आहे?

अस्तरीकरणाचं माझं मत अनेकांना पटणार नाही. भरावात आणि फुटक्या जागी अस्तर हवंच. पण कालवा जिथं खोदाईत आहे, म्हणजे जमीन खोदून काढलाय, आणि खालच्या विहिरी त्याच्या पाझरावर जगतात, तिथं सरसकट काँक्रीट मला पटत नाही. विहीरवाले ओरडतात ते उगाच नाही. मात्र "सगळंच नको" म्हणून काम अडवलं तर नुकसान पुन्हा टेलचंच. कोणत्या किलोमीटरला काय होणार, तो नकाशा मागवा आणि त्यावर बोला.

काम चालू असताना जाऊन बघत जा. माती थराथरानं, ओली करून दाबतायत का, का डंपर रिकामा करून वरून जेसीबी फिरवतायत? जुन्या दगडी बांधकामाला नवी माती जिथं टेकते तिथूनच पाणी वाट काढतं. भरावावरची बाभूळ कापून बुंधा तसाच ठेवला तर मुळं कुजून नळीच तयार होते. पाणी सुटल्यावर भरावाच्या पायथ्याला फिरा. पाझर निवळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय, लगेच पाटबंधारे खात्याच्या शाखाधिकाऱ्याला फोन, रात्र असली तरी.

गावाच्या नळयोजनेचा साठवण तलाव कालव्यावर असेल तर बंदच्या आधी तो भरून घ्यायला ग्रामपंचायतीला लावा. उसाला पाचटाचं आच्छादन, आणि जे काही पाणी असेल ते एक आड एक सरी. ताणात 2 टक्के पोटॅश आणि 2 टक्के युरियाची फवारणी सांगतात. आम्ही केली, थोडा धीर धरला उसानं. पण तुमच्या जमिनीचं आणि उसाच्या वयाचं कारखान्याच्या शेतकी माणसाला विचारूनच करा.

एक सांगा, तुमचं पाणी प्रवाही (आपोआप वाहत येणारं) आहे का उपसा (पंपानं उचललेलं)? आणि चारी मुख्य कालव्यावरून निघते की वितरिकेवरून? उपसावाल्यांच्या परवानगीचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर नेमकं लिहिता येईल.