बाबांची ग्रॅच्युइटी आणि माझ्या फ्लॅटची ओसी

प्रश्न : ठाण्यात मानपाड्याजवळ, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या मेट्रोलगतच्या संकुलात मी जानेवारी 2021 मध्ये टू-बीएचके घेतला. मुद्रांक शुल्काची सवलत चालू होती, म्हणून घाईच केली. करारात ताब्याची तारीख डिसेंबर 2024 आहे. इमारत तयार आहे, लिफ्ट चालते, पण ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही. बिल्डर म्हणतो, जुन्या कंपनीच्या कामगारांची देणी थकली आहेत म्हणून ओसी अडली. आता तो 'फर्निचरसाठी' चावी द्यायला तयार आहे. बदल्यात शेवटचा हप्ता, दोन वर्षांचा मेन्टेनन्स आणि 'विलंबाबद्दल तक्रार नाही' असं पत्र हवंय. माझे वडील त्याच कंपनीत 24 वर्षं फिटर होते. 2009 मध्ये टाळं लागलं, ग्रॅच्युइटी अजून मिळालेली नाही आणि कामगारांच्या दाव्यात त्यांचंही नाव आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला, 'बाबांना माघार घ्यायला सांगा, तुमचंच काम मोकळं होईल.' घरात रोज यावरून वाजतं. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बाबांचा दावा तुमच्या फ्लॅटच्या आड येतोय, हे आधी डोक्यातून काढून टाका. आड येतंय ते बिल्डरने न पाळलेलं बंधन.

बंद कारखान्याच्या औद्योगिक जमिनीवर घरं बांधायची तर विकास नियंत्रण नियमावलीनुसार कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कामगारांची सर्व कायदेशीर देणी दिली आहेत, किंवा मालक आणि कामगार यांच्यात समाधानकारक तोडगा निघाला आहे, असं त्यात नमूद असावं लागतं. नुसत्या तोडग्यावर परवानगी मिळवली असेल, तर देणी पूर्ण फिटल्याचा दाखला आल्याशिवाय ओसी द्यायची नाही, अशी मेख नियमातच मारून ठेवली आहे. घोडबंदर रोड, पोखरण रोड, वागळे इस्टेट या पट्ट्यात कारखान्यांची जागा टॉवरांनी घेतली, तेव्हा चिमणीखाली राबलेल्या माणसांच्या हाती जे काही पडलं, त्यात या अटीचा वाटा मोठा आहे.

जमीन घेताना ही अट बिल्डरसमोर होती. महारेराकडे (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी करताना जमिनीचा टायटल रिपोर्ट, बोजे आणि चालू दावे जाहीर करावे लागतात. महारेराच्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाचं पान उघडा आणि तिथे कामगारांच्या दाव्याचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर ते पान छापून ठेवा, सुनावणीत तेच तुमचं हत्यार. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राच्या अटीही वाचा. ते तिथे नसेल तर माहिती अधिकारात ठाणे महापालिकेच्या शहर विकास विभागाकडून मागवा.

बिल्डर करारातल्या 'सरकारी आदेश किंवा अपरिहार्य कारण' या कलमावर बोट ठेवेल. रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या केंद्रीय कायद्याच्या) कलम 6 मध्ये अपरिहार्य कारणं मोजून दिली आहेत: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तशी नैसर्गिक आपत्ती. थकवलेल्या देण्यांना भूकंप म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही न्यूटेक प्रकरणात, नोव्हेंबर 2021 मध्ये, सांगितलं की ताबा वेळेत मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे, मग मध्ये कोर्टाची स्थगिती का येईना. विलंब ग्राहकामुळे झालेला नसला म्हणजे झालं. इथे बिल्डरचा वकील चलाखी करेल, 'विलंब यांच्या वडिलांमुळेच झाला' म्हणेल. गडबडू नका. करार तुमचा आहे. वडिलांनी आपल्या घामाचे पैसे मागितले, त्याचा दोष तुमच्या खात्यात कसा जमा होईल?

आणि बाबांनी माघार घेतली तरी बाकीच्या कामगारांची देणी राहतातच, त्यामुळे ओसी काही सुटत नाही. मग हा आग्रह का? जुनी, जाणती माणसं एकेक करून गळाली की उरलेल्यांना थोडक्यात गुंडाळता येतं, हे त्यामागचं गणित मला दिसतं.

बाबांचा आकडा किती असेल, याचा एक अंदाज देतो. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. पगार 12,000 धरला तर 24 वर्षांचे सुमारे 1,66,000 रुपये होतात. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे ही रक्कम 30 दिवसांत द्यायची होती. त्यानंतर 10 टक्के सरळ व्याज, म्हणजे दरसाल साधारण 16,600. इतक्या वर्षांत व्याजच मुद्दलाच्या पुढे जातं. ही रक्कम जुन्या कंपनीने द्यायची, बिल्डरने नव्हे; पण कंपनीने हात वर केले तरी ओसी हवी असलेल्या बिल्डरलाच कुठून तरी मार्ग काढावा लागतो. कामगारांच्या हातातली ही एकमेव चावी तुम्ही फर्निचरच्या चावीसाठी सोडू नका.

त्या चावीबद्दलही बोलतो. ओसीशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि ग्राहकानेही घ्यायचा नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारात शेवटचा हप्ता ओसीनंतरच्या ताब्याशी जोडलेला आहे. तुमच्या करारातलं हप्त्यांचं परिशिष्ट काढून पाहा. मेन्टेनन्सही आत्ता नाही. पत्रावर सही केली की विलंबाच्या व्याजावर तुम्हीच पाणी सोडलं म्हणून तोच कागद पुढे येईल. तोंडी नकार पुरेसा नाही, ईमेल करा: 'ओसी आल्यावर ताबा घेईन, करारानुसार पैसे भरेन, विलंबाचा हक्क राखून ठेवतो.' दोन ओळी बास.

रेराच्या कलम 18 मध्ये तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत घ्या, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्या. व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) अधिक 2 टक्के. माझं मत विचाराल तर फ्लॅट ठेवा. इमारत उभी आहे, आणि आज पैसे घेऊन बाहेर पडलात तर त्याच किमतीत मेट्रो 4 च्या आसपास पुन्हा घर मिळणं कठीण. मात्र बँकेचा हप्ता आणि घरभाडं दोन्ही झेपत नसेल, तर पहिली वाट धरण्यात कमीपणा नाही.

मेट्रोलगत वाढीव एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात बांधकामाची मुभा) मिळतो म्हणून अशा संकुलांत मागाहून दुकानं-ऑफिसांचा एखादा टॉवर घुसवला जातो. खाली बाजार, वर घरं याला माझा विरोध नाही. पण तुमच्या करारानंतर मंजूर नकाशा बदलला असेल तर कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. करारातल्या मोघम 'आमची संमती आहे' वाक्यावर भागत नाही.

महारेराकडे तक्रार ऑनलाइन होते, शुल्क 5,000 रुपये. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, कलम 56 प्रमाणे तुम्ही स्वतः उभे राहू शकता. वकील असून हे सांगतोय, तेव्हा खरं माना. बाबांचा दावा मात्र वकिलाकडेच राहू द्या, आणि त्यांच्या जुन्या पगाराच्या स्लिपा, पीएफचे कागद आजच त्यांच्याकडून घेऊन स्कॅन करा.