दादा दवाखान्यात आहे, हे धाकटीला कसे सांगावे?

प्रश्न : माझा ८ वर्षांचा मुलगा डेंग्यूमुळे ४ दिवसांपासून जळगावच्या एका रुग्णालयात आहे. अमळनेरला आजीजवळ असलेल्या ४ वर्षांच्या मुलीला ‘दादा मामाकडे गेला’ असे सांगितले आहे; मात्र ती रात्री दचकून उठते. तिला खरे सांगावे का?

उत्तर : होय, ताई, आजच सांगा, आणि तेही तुमच्याच तोंडून, फोनवरून का होईना. घरातली कुजबूज मुलांना कळतेच. शिवाय पुढे खरोखर मामाकडे जाताना तिला भीती वाटेल. ‘दादाला डेंग्यूचा ताप आला आहे, डॉक्टर त्याला बारीक नळीतून सलाइन देत आहेत, मी त्याच्याजवळ आहे,’ एवढे पुरेसे आहे.

या वयातील मुलांना आपल्या रागामुळे, भांडणामुळे भाऊ आजारी पडला असे वाटू शकते आणि ती ते बोलून दाखवतीलच असे नाही. म्हणून ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ हे तिने न विचारताही आवर्जून सांगा. डॉक्टरांनी नक्की सांगितल्याशिवाय ‘उद्या येईल’ असे वचन मात्र देऊ नका. कळण्याच्या भाकरीपासून झोपतानाच्या गोष्टीपर्यंतचा तिचा रोजचा क्रम आजींनी मोडू देऊ नये, आणि तिने दादासाठी काढलेले चित्र डबा घेऊन येणाऱ्याबरोबर जरूर पाठवावे.