‘मध्य’, ‘मध्यक’, ‘सरासरी’ आणि ‘शक्यता’, ‘संभाव्यता’

प्रश्न असा आहे : “सातवी-आठवीच्या मुलांना सांख्यिकी शिकवताना ‘सरासरी’ आणि ‘मध्य’ हे शब्द एकाच अर्थाने वापरायचे का? ‘मध्य’ म्हणजे मधला, तर मग ‘मध्यक’ वेगळा कशासाठी? आणि ‘शक्यता’ हा सोपा शब्द असताना ‘संभाव्यता’ हवाच का?”

शाळेच्या गणितात सरासरी आणि मध्य एकच. मध्यक वेगळा, आणि तो वेगळा ठेवावाच लागतो. ‘संभाव्यता’ही हवा, कारण तो जे काम करतो ते ‘शक्यता’ला पूर्णपणे जमत नाही.

आधी ‘सरासरी’. हा शब्द फारसीतून आला. ‘सर’ म्हणजे डोकं किंवा टोक, आणि ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मिळून. ‘सर्रास’ त्याच कुळातला. बोलताना मात्र आपण ‘सरासरी’ अंदाज या अर्थानेही वापरतो : “सरासरी शंभरेक माणसं असतील.” इथे कोणी बेरीज केलेली नसते की भागाकार. मुलांच्या डोक्यात हा बोलीतला अर्थ पक्का असतो, म्हणून सरासरीचं उत्तर ‘साधारण’ आलं तरी चालतं असं त्यांना वाटतं. गणितातली सरासरी म्हणजे अंदाज नव्हे. एकूण बेरजेला संख्यांच्या एकूण नगांनी भागून येणारी ती नेमकी संख्या आहे. ‘अंदाजे’ म्हणायचं असेल तेव्हा वर्गात ‘अंदाजे’ किंवा ‘सुमारे’ म्हणावं आणि ‘सरासरी’ भागाकारासाठी राखून ठेवावा. “सरासरी विद्यार्थी” हा प्रयोगही टाळलेला बरा. तिथे ‘मध्यम’ किंवा ‘बेताचा’ हे आपले चांगले शब्द आहेत.

आता खरा गुंता. खालच्या इयत्तेत जिला सरासरी म्हणतात, तिलाच पुढे ‘मध्य’ हे नाव मिळतं. तोवर मुलांना ‘मध्य’ ठाऊक असतो तो रेषाखंडाचा मध्यबिंदू म्हणून आणि ‘मध्यभागी’, ‘मध्यरात्री’ या शब्दांतून. साहजिकच ‘मध्य काढा’ म्हटलं की हात मधल्या संख्येकडे जातो. तो हात चुकीचा नाही, शब्दच तिकडे नेतो. यावर ‘मध्य’ आणि ‘मध्यक’ यांच्या व्याख्या पाठ करून घेण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या ‘क’चा आहे. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एकेक कृती चिकटवावी. मध्य म्हणजे वाटणी, मध्यक म्हणजे रांग, बहुलक म्हणजे मोजणी.

एका महिन्यात नऊ मुलांनी वाचलेल्या पुस्तकांची संख्या घेऊ, जशी सांगितली तशीच : ५, ३, ८, २, २०, ३, ६, ४, ३.

वाटणी : सगळ्यांची पुस्तकं एकत्र केली, ५४ झाली. नऊ जणांत सारखी वाटली तर प्रत्येकी ६. हा मध्य.

रांग : संख्या चढत्या क्रमाने उभ्या केल्या : २, ३, ३, ३, ४, ५, ६, ८, २०. दोन्ही टोकांकडून एकेक खोडत आत यायचं. शिल्लक राहतो ४. हा मध्यक.

मोजणी : कोणती संख्या सर्वांत जास्त वेळा आली? ३. हा बहुलक. ‘बहुल’ म्हणजे पुष्कळ, त्यामुळे या नावाने सहसा कुणाचा गोंधळ होत नाही.

एकाच सामग्रीची तीन उत्तरं आली : ६, ४ आणि ३. ही तिन्ही वेगवेगळी येतील अशीच सामग्री पहिल्यांदा द्यावी. २, ४, ६, ८, १० अशी संख्यामाला दिली की मध्यही ६ आणि मध्यकही ६, आणि मुलं दोन्ही शब्द एकच समजून पुढे जातात. चूक शिक्षकाच्या उदाहरणातच असते.

मग सरासरीला ‘मध्य’ म्हणायचंच कशाला, हा प्रश्न उरतो. नाव निराधार नाही. वरच्या सामग्रीत प्रत्येक संख्या ६ पासून किती दूर आहे ते मांडून पाहा. खालच्या बाजूला ४, ३, ३, ३, २, १, म्हणजे एकूण १६. वरच्या बाजूला ८ साठी २ आणि २० साठी १४, म्हणजेही १६. दोन्हीकडची तूट आणि वाढ बरोबर जुळते. मध्य हा अंतरांचा मध्य आहे, मध्यक हा रांगेचा. हे मांडून दाखवलं की ‘मध्य’ शब्दाबद्दलची तक्रार बरीचशी मिटते. शिवाय आणखी एक गोष्ट दिसते : नऊपैकी सहा मुलं सरासरीच्या खाली आहेत. “निम्मे सरासरीच्या वर, निम्मे खाली” हे वाक्य मध्यकाबद्दल साधारण बरोबर असतं, सरासरीबद्दल ते गृहीत धरता येत नाही. २० पुस्तकं वाचणाऱ्याने ३८ वाचली असती तर बेरीज ७२ आणि मध्य ८ झाला असता, मध्यक मात्र ४ वरून हलला नसता. टोकाची एखादी संख्या मध्याला ओढून नेते, मध्यकाला नेत नाही. म्हणून सामग्रीत एखाद-दुसरी संख्या फारच मोठी असेल तेव्हा ‘सर्वसाधारणपणे किती’ या प्रश्नाला मध्यकाचं उत्तर जास्त प्रामाणिक ठरतं.

मध्यक काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे संख्या क्रमाने न लावणं. वरची मूळ यादी पाहा, तिच्यात पाचव्या जागी २० आहे, आणि क्रम न लावणाऱ्याचं उत्तर २० येतं. दुसरी चूक शब्दामुळे होते. सूत्र सांगतं की नऊ संख्या असतील तर (९+१)/२, म्हणजे ५. मुलं लिहितात ‘मध्यक = ५’. पण सूत्राने दिला तो क्रमांक, किंमत नव्हे. ५ हा अंक सामग्रीतही असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. “मध्यक ५ आहे” आणि “मध्यक ५ व्या जागी आहे” ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत. मराठीत हा फरक ‘व्या’ या एवढ्याशा प्रत्ययावर उभा आहे, तो ठळक दिसायला हवा. संख्यांचे एकूण नग सम असतील, समजा १ पुस्तक वाचणारा दहावा मुलगा आला, तर पाचव्या आणि सहाव्या जागी ३ आणि ४ येतात आणि मध्यक ३.५ होतो. साडेतीन पुस्तकं कोणीच वाचलेली नसली तरी चालतं. मध्यक सामग्रीतलाच असला पाहिजे असं नाही, आणि मध्यही नाही. बहुलक मात्र सामग्रीतलाच असतो.

बहुलकाची चूक वेगळी : मुलं संख्येऐवजी तिची वारंवारता, म्हणजे ती किती वेळा आली ते, लिहितात. आपल्या सामग्रीत ३ ही संख्या ३ वेळा आली आहे, म्हणजे चुकीच्या वाटेनेही उत्तर बरोबरच येणार. परीक्षेत असा प्रश्न देऊ नये. ७, ७, ७, ७, ९, १० द्या, मग ‘४’ लिहिणारे लगेच सापडतात. कोणतीच संख्या पुन्हा आली नसेल तर ‘बहुलक नाही’ असं लिहायचं, ‘बहुलक ०’ असं नाही. शून्य हीदेखील एक संख्या आहे आणि ती बहुलक असू शकते. बहुलकाला आकडेच लागतात असंही नाही. वर्गातला आवडता रंग विचारला तर निळा हा बहुलक असू शकतो. रंगांची सरासरी निघत नाही.

सरासरीच्या बाबतीत शून्य आणखी त्रास देतं. पाच दिवसांत ४, ०, ६, ० आणि ५ गणितं सोडवली असतील तर सरासरी १५ भागिले ५, म्हणजे ३. “शून्याला काय मोजायचं” म्हणून ३ ने भागलं की उत्तर ५ येतं. आणि सरासरींची सरासरी हा जुनाच सापळा आहे : २० मुलांच्या एका तुकडीची सरासरी ६, ३० मुलांच्या दुसरीची ८. दोन्हींची मिळून ७ नव्हे. १२० आणि २४० मिळून ३६०, भागिले ५०, म्हणजे ७.२.

हिंदीतले व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. हिंदीत ‘माध्य’ म्हणजे आपला मध्य, ‘माध्यिका’ म्हणजे आपला मध्यक आणि ‘प्रायिकता’ म्हणजे संभाव्यता. बहुलक दोन्हीकडे सारखाच.

आता दुसरा भाग. ‘शक्यता’ आणि ‘संभाव्यता’ यांतला फरक शब्दकोशापेक्षा वाक्यात चटकन कळतो. शक्यता ‘असते’ किंवा ‘नसते’. ती दाट असते, कमी असते, धूसर असते. “पावसाची दाट शक्यता आहे” हे निर्दोष मराठी. संभाव्यता मात्र ‘इतकी’ असते. ती ० ते १ यांच्या दरम्यानची संख्या आहे. “फाशावर सहा येण्याची संभाव्यता १/६ आहे” हे कानाला बरोबर वाटतं, “दाट संभाव्यता” खटकतं. म्हणून शिकवताना ‘शक्यता’ टाकून देऊ नये, तिच्यापासूनच सुरुवात करावी. फळ्यावर एक रेघ ओढून एका टोकाला ० आणि दुसऱ्याला १ लिहावं, आणि ‘अशक्य’, ‘क्वचित’, ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘नक्की’ हे शब्द मुलांना रेघेवर ठेवायला सांगावेत. टोकांबद्दल वाद होत नाही. ‘कदाचित’ कुठे ठेवायचा यावर मात्र एकमत होत नाही, आणि तेच हवं आहे : शब्द जिथे पुरत नाहीत तिथे संख्या लागते, आणि त्या संख्येचं नाव संभाव्यता. अपूर्णांक लिहायची वेळ येईपर्यंत ‘संभाव्यता’ शब्दाची घाई नको.

याच रेघेवर ‘असंभाव्य’ आणि ‘अशक्य’ वेगळे करून दाखवावेत. अशक्य घटनेची संभाव्यता ०. फाशावर ७ येणं अशक्य. सलग दहा वेळा छापा पडणं असंभाव्य म्हणता येईल, पण अशक्य नाही. त्याची संभाव्यता १/१०२४ आहे. आणि उत्तर १ पेक्षा मोठं आलं, तर अपूर्णांक उलटा लिहिला आहे का ते आधी पाहावं.

‘समसंभाव्य’, म्हणजे सारख्याच संभाव्यतेचा, हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. “होईल किंवा होणार नाही, म्हणजे निम्मी-निम्मी” हा तर्क मुलं सहज करतात. फाशावर सहा येईल किंवा येणार नाही, दोनच गोष्टी, मग १/२ का नाही? कारण ‘येणार नाही’मध्ये पाच निष्पत्ती, म्हणजे येऊ शकणारे पाच वेगळे निकाल, लपलेल्या आहेत. अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील तेव्हाच लागू पडतं.

हा तर्क मोठमोठ्यांनाही फसवून गेला आहे. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालाँबेर याने १७५४ मध्ये ज्ञानकोशातल्या लेखात २/३ हे उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं : पहिल्यांदा छापा पडला तर खेळ संपला. नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. तीन प्रकार, दोन अनुकूल. पण हे तीन प्रकार समसंभाव्य नाहीत. पहिल्याची संभाव्यता १/२ आणि उरलेल्या दोघांची प्रत्येकी १/४. खरा नमुना अवकाश (सगळ्या निष्पत्तींची यादी) चौघांचा : छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर ३/४.

मुलं याच्याशी मिळतीजुळती चूक करतात, छापा-काटा आणि काटा-छापा एकच धरतात. उपाय सोपा आहे. दोन नाण्यांपैकी एकावर रंगाचा ठिपका लावा आणि ठिपक्याच्या नाण्याची निष्पत्ती नेहमी आधी लिहा. जोडीजोडीने प्रत्येकी ४० वेळा उडवायला सांगा आणि सगळ्या वर्गाच्या ताळ्याच्या खुणा एकत्र करा. एका जोडीच्या ४० मध्ये आकडे बरेच इकडेतिकडे जातात. वर्गाच्या बेरजेत मात्र ‘एक छापा, एक काटा’ हे निम्म्याच्या आसपास स्थिरावतं. सलग चार छापे पडले की “आता काटा येणारच” असं कोणीतरी म्हणतं. तेव्हा थांबून, चार छाप्यांनंतरच्या उडवण्यांचीच वेगळी नोंद ठेवायला सांगावी.

राहिले दोन-तीन शब्द. ‘नमुना अवकाश’ मुलांना परका वाटतो, कारण ‘अवकाश’ म्हटलं की यान आणि ग्रह आठवतात. ‘सगळ्या निष्पत्तींची यादी’ असं सांगून मगच नाव द्यावं. ‘घटना’ बोलीत प्रत्यक्ष घडलेली असते. गणितातली घटना अजून घडलेली नसते. ‘सम संख्या मिळणे’ ही एक घटना आणि २, ४, ६ या तिच्यातल्या निष्पत्ती. आणि ‘अनुकूल’ हा शब्द तर सरळ दिशाभूल करतो, कारण अनुकूल म्हणजे चांगलं अशी आपली सवय. दहा बल्बांपैकी दोन बिघडलेले आहेत, एक बल्ब न पाहता उचलला तर तो बिघडलेला असण्याची संभाव्यता किती? ‘अनुकूल’ ऐकून मुलं चांगले बल्ब मोजतात आणि ८/१० लिहितात. ‘अनुकूल निष्पत्ती’च्या जागी सुरुवातीला ‘प्रश्नात विचारलेल्या निष्पत्ती’ म्हणावं, म्हणजे मोजायचे कोणते बल्ब हे आधी ठरतं आणि उत्तर २/१० येतं.