वाचकांचे प्रश्न : शिरेचा मार्ग लावून देणारी परिचारिकांची सेवा

प्रश्न : मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेली परिचारिका आहे. एखाद्या रुग्णाची शीर सापडत नसली की इतर वॉर्डांतूनही मलाच बोलावणे येते. आता दोन सहकारी परिचारिकांसोबत स्वतःची सेवा सुरू करण्याचा विचार आहे. लहान रुग्णालये, वृद्धनिवास आणि घरी उपचार घेणारे रुग्ण यांच्यासाठी कॅन्युला (शिरेत बसवायची आखूड नळी), मिडलाईन (दंडातून काखेपर्यंत जाणारी लांब नळी) आणि पिक लाईन (दंडातून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) लावून द्यायच्या, असे आमच्या मनात आहे. सुरुवात कोठून करावी आणि मोबदला कसा ठरवावा?

उत्तर : तुमचा हात बसलेला आहे, हे भांडवल मोठे आहे आणि ज्या ठिकाणी रात्रपाळीला शीर शोधू शकणारे कोणीच नसते, तेथे अशा सेवेची गरज खरी आहे. मात्र तुम्ही विकणार आहात ते सुई टोचण्याचे कौशल्य नव्हे, तर कोणत्या रुग्णाला कोणता मार्ग लावायचा याचा निर्णय आहे, हे पहिल्या दिवसापासून स्वतःशी आणि ग्राहक संस्थांशी स्पष्ट असू द्या. फोनवर ‘पिक लाईन लावायची आहे, या’ असे सांगितले जाईल तेव्हा निघण्यापूर्वीच तुम्हाला विचारावे लागेल, की औषध कोणते आहे, ते किती दिवस चालणार आहे, वारंवार रक्त काढावे लागणार आहे का आणि रुग्णाची मूत्रपिंडे कशी आहेत.

या प्रश्नांमागे ठोस आधार आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने तयार झालेली आणि ‘मॅजिक’ या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शिका २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताच्या साध्या शिरेतून देता येण्यासारखे औषध १४ दिवसांपर्यंतच चालणार असेल, तर पिक लाईनपेक्षा मिडलाईन पसंत करावी, असे ती सांगते. उलट शिरेला भाजणारी औषधे, संपूर्ण शिरेवाटे दिले जाणारे पोषण किंवा अतिसंहत द्रावणे यांसाठी मिडलाईन चालत नाही, कारण तिचे टोक काखेपाशीच थांबते आणि तेथील रक्तप्रवाह असे द्रव पुरेसे पातळ करू शकत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाबाबत तर अधिकच जपावे लागते. मूत्रपिंडांची गाळणक्षमता (रक्ततपासणीच्या अहवालातील ईजीएफआर हा आकडा) ४५ च्या खाली गेलेल्या रुग्णाच्या दंडातून पिक लाईन घातली आणि ती शीर गोठली, तर पुढे डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड) करायला लागणारी शीरच गमावली जाते. आज लावलेली लाईन व्यवस्थित चालली तरी हे नुकसान पाच वर्षांनी समोर येऊ शकते, म्हणून ते कोणाच्याही नोंदीत तुमच्या नावावर येत नाही. नेमके त्यामुळेच ते टाळण्याची जबाबदारी तुम्ही आपण होऊन घ्यायला हवी.

मोबदल्याचे सूत्रही यातूनच निघते. बहुतेक नव्या सेवा लावलेल्या प्रत्येक लाईनमागे पैसे घेतात आणि माझ्या मते तेथेच पहिली चूक होते. तुम्ही तासभर प्रवास करून गेलात, रुग्ण तपासला, औषधांचा कागद वाचला आणि ‘याला पिक लाईन नको, साधा कॅन्युला पुरेल’ असे सांगून परतलात, तर त्या दिवशी तुमच्या हाती काहीच पडणार नाही. अशी व्यवस्था कितीही प्रामाणिक माणसाला हळूहळू ‘लावूनच टाकू’ या दिशेला ढकलते. म्हणून तपासणी आणि सल्ला यांचे शुल्क वेगळे ठेवा आणि लाईन लावण्याचे वेगळे. नियमित काम देणाऱ्या संस्थेशी ठरावीक मासिक रकमेचा करार झाला, तर त्याहून चांगले. नकार देण्याचेही पैसे मिळतात, अशी रचना झाली की निर्णय मोकळेपणाने घेता येतो.

कायदेशीर बाजू कंटाळवाणी वाटेल, पण ती आधी उरका. तुमच्या नोंदणीच्या कक्षेत पिक लाईन घालणे बसते का, हे परिचर्या परिषदेकडून लेखी घ्या, कारण प्रत्येक ठिकाणी मर्यादा वेगळी असते. प्रत्येक लाईनसाठी डॉक्टरांची आज्ञा हवी. टोचण्यापूर्वी त्वचा बधिर करण्यासाठी वापरायचे लिग्नोकेनसुद्धा औषधच आहे, तेव्हा त्याचाही उल्लेख त्या आज्ञेत असू द्या. व्यावसायिक दायित्वाचा विमा संस्थेच्या आणि तिघींच्या व्यक्तिगत अशा दोन्ही नावांनी घ्या. तसेच गुंतागुंत झाली तर रुग्णाला पाहणारा डॉक्टर कोण, टोचलेल्या सुया कोण नेणार, तुमच्यापैकी कोणाला सुई टोचली तर रुग्णाच्या रक्ताची तपासणी कोण करून देणार, हे करारात शब्दांत असले पाहिजे. एचआयव्हीसाठीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत आणि शक्य तितक्या लवकर सुरू व्हावा लागतो. त्यामुळे असा प्रसंग घडल्यावर कोणाकडे जायचे याची शोधाशोध करण्याइतका वेळ नसतो.

कामाची सुरुवात अरुंद ठेवा. सोनोग्राफीच्या मदतीने कॅन्युला आणि मिडलाईन एवढ्यावरच काही महिने उभे राहा, पिक लाईन त्यानंतर. फरक टोकाच्या जागेचा आहे. पिक लाईनचे टोक वरची महाशीर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला मिळते त्या जोडापाशी असावे लागते आणि ते तेथे पोहोचले याची खात्री एक्स-रेने किंवा ईसीजीने करावी लागते. ईसीजीची पद्धत सुंदर आहे. टोक पुढे सरकेल तशी पी लहर (ईसीजीवर हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे काम दाखवणारी लहान लहर) उंच होत जाते आणि जोडापाशी ती सर्वांत उंच दिसते. परंतु ज्याच्या हृदयाची लय अनियमित होऊन पी लहरच नाहीशी झाली आहे, त्याच्या बाबतीत ही खूण मिळत नाही आणि एक्स-रे करावाच लागतो. वृद्धनिवासात असे रुग्ण बरेच भेटतील. तेव्हा एक्स-रे कोठे निघणार आणि तो वाचून ‘लाईन वापरा’ असे कोण लिहून देणार, हे ठरल्याशिवाय पिक लाईनचे काम स्वीकारू नका.

एका परिचारिकेने एका रुग्णावर दोनच प्रयत्न करावेत, हा नियम लेखी ठेवा आणि स्वतःलाही लागू करा. ज्या हाताला फिस्टुला आहे किंवा ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या आहेत, तो हात सोडून द्या.

सर्वांत जास्त लक्ष मात्र तुम्ही निघून गेल्यानंतरच्या दिवसांकडे द्या, कारण लाईनी बहुधा लावताना बिघडत नाहीत, सांभाळताना बिघडतात. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये सेंट्रल लाईनसाठी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टोक असलेल्या नळीसाठी) पाच मुद्द्यांची तपासयादी आणली. हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, शक्यतो मांडीची शीर टाळणे आणि गरज संपलेली लाईन काढणे, असे ते मुद्दे होते. पुढे मिशिगनमधील शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांत तीवर आधारित उपक्रम राबवला गेला आणि रक्तातील जंतुसंसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील पहिले चार मुद्दे लावणाऱ्याच्या हातात आहेत. पाचवा तुमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या सेवेच्या हातून सहज निसटतो. लाईन लावली तुम्ही, औषध दिले तेथल्या परिचारिकेने, उपचार बंद केले डॉक्टरांनी, आणि लाईन काढायची कोणी हे कोणीच ठरवले नाही, असे घडते. म्हणून प्रत्येक लाईनसोबत एक पान द्या. त्यावर लावल्याची तारीख, आत किती सेंटिमीटर आणि बाहेर किती, कशासाठी लावली आणि काढण्याचा विचार कधी करायचा हे लिहा. ड्रेसिंगची कड सुटली, खाली ओल दिसली किंवा बाहेरची लांबी वाढली, तर औषध न देता तुम्हाला फोन करावा, हे तेथील परिचारिकांना प्रत्यक्ष दाखवा. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी बदलायचे, पण ओले झाले तर त्याच दिवशी. लाईनचे बाहेरचे तोंड पंधरा सेकंद घासून पुसल्याशिवाय सिरिंज जोडायची नाही. हे प्रशिक्षण फुकटची भेट म्हणून देऊ नका, तर सेवेचा भाग म्हणून द्या आणि त्याचे शुल्क करारात दाखवा.

पहिल्या महिन्यापासून नोंद ठेवा : पहिल्या प्रयत्नात यश आले का, लाईन किती दिवस टिकली आणि ती का काढली. ‘काम संपले म्हणून’ आणि ‘बंद पडली म्हणून’ या दोन कारणांचे प्रमाण हीच तुमची खरी प्रगतिपुस्तिका असेल आणि नव्या संस्थेसमोर ठेवायला याहून चांगली जाहिरात मिळणार नाही. तिघींच्या बळावर चोवीस तास सेवेचे आश्वासन मात्र देऊ नका. थकलेल्या हाताने पहाटे लाईन घालण्यापेक्षा, रात्री आठनंतर सेवा मिळणार नाही हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न : आमच्याकडे एकाच उपकरणापुरते पैसे आहेत. शिरा दाखवणारा अवरक्त दिवा घ्यावा की सोनोग्राफी यंत्र?

उत्तर : सोनोग्राफी यंत्र घ्या. दिवा कातडीखालच्या उथळ शिरांचे जाळे दाखवतो, पण तुम्हाला बोलावणे येईल ते उथळ शिरा संपलेल्या रुग्णांसाठी. हाताने वापरायचे लहान यंत्रही चालेल, मात्र त्याचा प्रोब (त्वचेवर टेकवायचा भाग) सपाट तोंडाचा आणि उच्च वारंवारतेचा असावा. प्रोब हलकेच दाबला की शीर चपटी होते, धमनी मात्र ठोके देत गोलच राहते. हा फरक रोजच्या कामात डोळ्यांना सवयीचा झाला पाहिजे. पट्टा बांधण्यापूर्वी शिरेची रुंदी मोजा. नळीने शिरेच्या रुंदीचा ४५ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर जाडीच्या ४ फ्रेंच (नळीची जाडी मोजण्याचे एकक) पिक लाईनसाठी शीर किमान ३ मिलिमीटर हवी. खोल शिरेत नेहमीचा आखूड कॅन्युला घालू नका. त्याची बरीचशी लांबी शिरेपर्यंत पोहोचण्यातच खर्च होते, हात हलला की टोक बाहेर निसटते आणि औषध मांसात जाते. त्यामुळे लांब कॅन्युला, प्रोबची निर्जंतुक आवरणे आणि निर्जंतुक जेल यांचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरा.

प्रश्न : माझी भागीदार म्हणते, की निरोगी लोकांना घरी जाऊन जीवनसत्त्वांच्या सलाईन लावल्या तर पैसे लवकर येतील. आपले मत काय?

उत्तर : माझे मत विरोधात आहे. ज्या व्यक्तीला तोंडाने खाता-पिता येते आणि कोणत्याही डॉक्टरने तपासून कमतरता लिहिलेली नाही, तिला शिरेवाटे काही देण्याचे कारण नसते. शिरेची जळजळ, संसर्ग आणि तीव्र ॲलर्जी यांचा धोका मात्र तेवढाच असतो आणि घरात तो आला तर मदतीला दुसरे कोणी नसते. तुमच्या संस्थेचे काम डॉक्टरांच्या लेखी आज्ञेवरच चालेल, हे वाक्य भागीदारीच्या करारात घाला आणि त्यावर सर्वांच्या सह्या झाल्यावरच संस्थेची नोंदणी करा.