कॅल्क्युलस स्वतः शिकायचं असेल तर सुरुवातीचं पुस्तक कोणतं घ्यावं?

कॉमर्सला गेल्यापासून गणित सुटलं, आता नोकरी सांभाळून कॅल्क्युलस शिकायचंय, इंग्रजी वाचता येतं पण सवय नाही, आणि दुकानदाराने हजार पानांचा ठोकळा समोर ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. तो ठोकळा घेऊ नका. निदान आत्ता तरी त्याचा नाद नको.

मी कोल्हापुरात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवतो. पोरं बहुतेक वेळा कॅल्क्युलसमध्ये अडकत नाहीत, बीजगणितात अडकतात. क्ष² चा क्ष = ३ पाशी बदलाचा दर काढायचा, तर (३ + ह)² मधून ९ वजा करायचे, ह ने भागायचं, ६ + ह उरतं, मग ह शून्याकडे न्यायचा. यातली नवी गोष्ट फक्त शेवटची. आधीचं सगळं नववी-दहावीचं, आणि पेन तिथंच थांबतं. म्हणून फलनं (फंक्शन्स) आणि आलेखांची उजळणी करून देणारं पुस्तक बघा. मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या ओपनस्टॅक्सच्या ‘कॅल्क्युलस’चा पहिला खंड तसा आहे. पहिलं प्रकरणच उजळणीचं, आणि पीडीएफ फुकट. स्वतः शिकणाऱ्याला मी हेच मुख्य पुस्तक म्हणून सांगतो.

इंग्रजीची धास्ती असेल तर त्याआधी एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक काढा आणि सीमा व अवकलनाचं (लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्ह्ज) प्रकरण वाचा. भाषा सोपी, उत्तरं मागे दिलेली, तेही फुकट. बालभारतीच्या बारावी विज्ञानाच्या गणिताचा दुसरा भाग सरावाला चांगला, पण त्यात सूत्रं भराभर येतात. शिक्षक समोर असेल तर ठीक, एकट्याने वाचताना ‘हे आलं कुठून?’ असं होतं.

पुस्तक पारखायची माझी रीत सांगतो. पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण पातळी कळली की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘वाढतंय का उतरतंय? तासाला किती?’ समजा आठ वाजता ३५ फूट २ इंच होतं आणि दहाला ३५ फूट ८ इंच, तर सरासरी तासाला ३ इंच. मग बरोबर नऊ वाजता वेग किती होता? दोन तासांऐवजी दहा मिनिटं घ्या, मग एक मिनिट. हा अंतर आकसत न्यायचा विचार म्हणजे अवकलन. उलट बाजूने, राधानगरी धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा सांगतात. तो दिवसभर कमी-जास्त होत राहिला तर एकूण पाणी किती सुटलं, हे काढणं म्हणजे संकलन. पुस्तकातलं अवकलनाचं पहिलं प्रकरण उघडा. सूत्र यायच्या आधी अशा जातीचा एखादा प्रश्न तुमच्यापुढे ठेवलाय का ते बघा. नसेल तर पुस्तक खाली ठेवा, मग मुखपृष्ठावर कितवी आवृत्ती का असेना.

सिल्व्हॅनस थॉम्पसन यांचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ १९१० चं आहे, पण अजून वाचण्यासारखं. सीमेच्या काटेकोर व्याख्येत न शिरता ते ‘क्ष चा इवलासा तुकडा’ धरून पुढे जातं. काटेकोरपणाचे भोक्ते नाक मुरडतात, मुरडू देत. भीती घालवायला याच्यासारखं दुसरं नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. उदाहरणं पौंडांच्या काळातली, तेवढं सोसावं लागेल.

थॉमस आणि स्टुअर्ट या लेखकांची पुस्तकं कॉलेजात नेहमीची. चांगली आहेत, पण मुख्य वापर गणितं सोडवायला. घ्यायचीच तर कुणाकडून जुनी आवृत्ती घ्या, कॅल्क्युलस काही दर आवृत्तीला बदलत नाही. स्पिव्हॅक यांचं पुस्तक मात्र आत्ता नको. ते सिद्धतांचं पुस्तक आहे, आणि त्यातली गणितं चांगल्या चांगल्यांना घाम फोडतात. अ‍ॅपोस्टॉल तर आपल्या पुस्तकात संकलनापासून सुरुवात करतात, अवकलन नंतर. इतिहासाच्या क्रमाला ते धरून आहे, पण नवख्याला झेपत नाही.

आणि विकत घेण्याआधी एक करा. दोन-तीन पुस्तकांतला साखळी नियमाचा (चेन रूल, म्हणजे फलनाच्या आत फलन असेल तर अवकलन कसं करायचं) भाग काढून वाचा, प्रत्येकातली पाचेक गणितं पेन्सिल घेऊन सोडवा. ज्यातली निम्मी तरी उत्तर न बघता सुटतील ते तुमचं. सगळी सुटली तर त्याच्या पुढच्या पायरीचं घ्या, एकही सुटलं नाही तर आधी एनसीईआरटी.