नाशिकच्या मे महिन्यात घरी बिअर आंबवताना तापमान कसं आवरायचं?

खोलीचं नाही, आतल्या द्रवाचं तापमान बघा. यीस्ट जोरात असताना तो खोलीपेक्षा ४-५ अंशांनी गरम असू शकतो. एल म्हणजे थंडी न लागता आंबणारी बिअर; तिच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून सांभाळा, चव तिथेच बिघडते. भांडं पाण्याच्या टबात ठेवा, त्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. वर ओलं फडकं आणि समोर पंखा लावला की आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठासारखं काम होतं. पावसाळ्यात दमट हवेत ते फुकट. एवढी उठाठेव नको असेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या, ३० ते ३५ अंशांतही खुशाल चालतं. लागरचा, म्हणजे थंडीत आंबवायच्या बिअरचा, नाद फ्रिज नसेल तर सोडा.

आणि हो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आधी ते बघा.